डोंबाऱ्याचा खेळ व शाळांचे दाखले

(१)

राजांचीं फर्मानें, वतनांच्या सनदा, महजर, निवाडपत्रें यांस संशोधकांच्या दप्तरांत जें मानाचें स्थान आहे तें योग्यच आहे. परंतु ज्यांस जमीन नव्हती, वतन नव्हतें, आणि ज्यांचा मुक्काम एका गांवीं चार रात्रींहून अधिक नसे, त्या लोकांचा इतिहास ह्या दप्तरांत शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. वतनदाराचा तंटा झाला म्हणजे कागद निर्माण होतो. फिरस्त्याचा तंटा झाला म्हणजे तो रातोरात पाल उचलून पुढच्या गांवीं जातो, आणि कागद कोराच राहतो. प्रस्तुत लेखांत अशाच एका फिरस्त्या विद्येचा, म्हणजे गोळे झेलणें, दोरावर चालणें, बांबूच्या टोकावर अंग तोलणें ह्या डोंबारी-कोल्हाटी लोकांच्या खेळाचा, जुन्या साधनांच्या आधारें विचार करावयाचा असून, नागपूर प्रांतांतील शाळांशीं ह्या खेळाचा जो संबंध आला त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

आमचें प्रतिपाद्य दोन कलमांत सांगतां येईल. पहिलें असें कीं, लोकांपुढें खेळ करणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत : एक पाहणाऱ्याची दृष्टि फसविणारा, व दुसरा जें दाखवितो तेंच खरोखर करणारा. हा भेद आमच्या जुन्या साधनांत स्पष्ट आहे. पुढें तो पुसट झाला, आणि त्याचें नुकसान दुसऱ्या वर्गास सोसावें लागलें. दुसरें कलम असें कीं, ह्या दुसऱ्या वर्गाचीं लेखी साधनें राजदप्तरांपेक्षां शाळांच्या दप्तरांत व त्या लोकांच्या स्वतःच्या गाठोड्यांत अधिक मिळण्याचा संभव आहे, आणि तीं झपाट्यानें नष्ट होत आहेत.

(२)

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'गारुडी' हा शब्द गरुडावरून आला. गारुड म्हणजे विष उतरविणारी मंत्रविद्या. ती जाणणारा तो गारुडी. साप बाळगणारा म्हणून गारुडी, व सापाच्या जोडीला चार नजरबंदीचे प्रकार दाखविणारा म्हणूनहि गारुडीच, असा त्या शब्दाचा अर्थविस्तार झाला. 'मदारी' हें नांव मकनपूरचे अवलिया शाह मदार यांच्या अनुयायी फकिरांवरून पडलें. 'नजरबंदी' व 'हातचलाखी' ह्या शब्दांत फार्सीचा अंश उघड दिसतो. त्यांपैकीं दुसऱ्यास आपल्याकडे जुना प्रतिशब्द होता. वात्स्यायनानें कामसूत्रांत ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत त्यांत 'ऐंद्रजाल' ही एक कला असून 'हस्तलाघव' ही तिजहून निराळी गणली आहे. हाताचें चापल्य आणि इंद्रजाल ह्या दोन वस्तु भिन्न आहेत हें त्या ग्रंथकारास पक्कें ठाऊक होतें.

'डोंबारी' हा शब्द 'डोंब' ह्या जातिनामाशीं जोडलेला आहे, आणि 'कोल्हाटी' ह्याची व्युत्पत्ति 'कोल्हाट' म्हणजे खेळाचा बांबू यापासून सांगतात. मुलांच्या उलट्या उडीस आपण 'कोलांटउडी' म्हणतों. ती 'कोल्हांटउडी' अशीहि लिहिलेली आढळते, व कोल्हाट्याशीं तिचें नातें सहज ध्यानीं येतें. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, गारुडी, मदारी, नजरबंदी ह्या शब्दांचा रोख मंत्राकडे, सिद्धपुरुषाकडे अथवा पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे आहे. डोंबारी व कोल्हाटी ह्यांचा रोख मनुष्याकडे व त्याच्या बांबूकडे आहे. भाषेनें भेद राखला आहे.

इंग्रजी भाषेंत मात्र हा भेद फार काळ राहिला नाहीं. 'जग्लर' हा शब्द थट्टामस्करी करणारा ह्या अर्थाच्या लातिन शब्दापासून निघालेला असून, एकोणिसाव्या शतकांत तो गोळे झेलणाऱ्यास, साप खेळविणाऱ्यास व टोपलींतून आंब्याचें झाड उगवून दाखविणाऱ्यास सरसकट लावीत. त्यामुळें त्या काळचे इंग्रजी वृत्तांत वाचतांना कोणत्या 'जग्लर'विषयीं बोलणें चाललें आहे हें प्रत्येक ठिकाणीं ताडून पाहावें लागतें.

(३)

आतां संस्कृत साधनांकडे वळूं. ह्या विद्येचा अतिप्राचीन उल्लेख वाजसनेयि संहितेच्या तिसाव्या अध्यायांत आहे. पुरुषमेधाच्या प्रसंगीं निरनिराळ्या देवतांस निरनिराळ्या धंद्यांचीं माणसें नेमून दिलीं आहेत, त्यांत 'वंशनर्ती' म्हणजे वेळूवर नाचणारा हा अंतरिक्षाच्या वांट्यास आला आहे. भूमि व आकाश यांच्यामध्यें ज्याची जागा त्यास अंतरिक्ष ही देवता देण्यांत त्या ऋषींची दृष्टि किती अचूक होती हें सांगावयास नको. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, वेळूवर नाचणें हा त्या काळींहि ओळखीचा, नांव असलेला धंदा होता.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी इ. स. १९०५ त म्हैसुरास उजेडांत आली व १९०९ त शामशास्त्री यांनीं ती छापून प्रसिद्ध केली, हें वाचकांस विदित आहेच. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत गणिकाध्यक्षाच्या प्रकरणीं नट, नर्तक, गायक, वादक इत्यादिकांच्या यादींत 'प्लवक' व 'सौभिक' असे दोन शब्द पाठोपाठ आले आहेत. प्लवक म्हणजे उड्या मारणारा व दोरावर चालणारा; सौभिक म्हणजे इंद्रजाल वा सोंगें दाखविणारा. दोघांस एका यादींत घातलें तरी एका नांवानें संबोधिलेलें नाहीं. त्याच ठिकाणीं परमुलुखांतून आलेल्या मंडळीनें प्रत्येक खेळास पांच पण 'प्रेक्षावेतन' द्यावें असा नियम आहे. कौटिल्य ह्या लोकांवर प्रसन्न होता असें नव्हे. नव्या वसाहतींतील शेतकऱ्यांच्या कामांत त्यांनीं व्यत्यय आणूं नये असें तो अन्यत्र बजावतो. तथापि ज्याच्यावर राजा कर बसवितो त्याचा धंदा राजा मान्य करितो, हा व्यवहार आहे. प्रेक्षावेतन देणारा प्लवक हा भिकारी नव्हता. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत असावी.

स्मृतिकारांची वृत्ति निराळी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत झल्ल, मल्ल व नट यांची उत्पत्ति व्रात्य क्षत्रियांपासून सांगितली आहे, व चौथ्या अध्यायांत शैलूष व रंगावतारी यांचें अन्न वर्ज्य मानिलें आहे. खेळ पाहावा, परंतु खेळणाऱ्याच्या पंक्तीस बसूं नये, असा हा दंडक होय.

पाली व जैन वाङ्मयांत मात्र ह्या लोकांकडे अधिक जवळून पाहिलेलें दिसतें. दुब्बच जातकांत बोधिसत्त्व एका डोंबाऱ्याचा शिष्य होऊन जन्मला आहे. गुरूस चार भाल्यांवरून उडी घेण्याची विद्या येत असे. एके दिवशीं मद्याच्या धुंदींत त्यानें पांचवा भाला रोवविला व शिष्यानें वारिलें असतांहि उडी घेऊन तो प्राणास मुकला. धम्मपदाच्या अट्ठकथेंत राजगृहाच्या श्रेष्ठीचा पुत्र उग्गसेन हा वेळूवर नाचणाऱ्या एका मुलीवर अनुरक्त होऊन तिच्या मंडळीबरोबर गांवोगांव फिरतो, ती विद्या शिकतो, व वेळूच्या टोकावर उभा असतां बुद्धाचा उपदेश ऐकून मुक्त होतो. जैनांच्या इलापुत्राची कथा हिच्याशीं जुळती आहे. तोहि धनिकाचा पुत्र, तोहि नटकन्येसाठीं घर सोडतो, आणि बांबूवर खेळ करीत असतां समोरच्या घरीं निरपेक्षपणें भिक्षा घेणारा मुनि पाहून त्यास केवलज्ञान होतें. दोन भिन्न संप्रदायांनीं एकच सांगाडा घ्यावा यावरून ही कथा त्यांच्याहि पूर्वीं लोकांत प्रचलित असावी असें आमचें अनुमान आहे. ह्या तिन्ही कथांत वेळू खरा आहे, भाले खरे आहेत, व पडल्यास मृत्यु खरा आहे.

ह्याच्या उलट, वेदान्त्यांनीं दृष्टान्तासाठीं निवडला तो दुसरा वर्ग. ब्रह्मसूत्रभाष्यांत आचार्यांनीं ढालतलवार घेऊन सुतावरून आकाशांत चढणाऱ्या मायाव्याचा दाखला दिला आहे. वर चढणारा दिसतो तो नव्हेच, खरा मायावी भूमीवरच उभा आहे, असें तेथें तात्पर्य आहे. हर्षाच्या रत्नावलींत अंतःपुरास आग लागल्याचा भास करणारा, व दशकुमारचरितांत राजवाहनाचा विवाह जुळवून आणणारा, हे दोघेहि ऐंद्रजालिकच. मायावादास मायावीच उपयोगी पडणार हें उघड आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं, विद्वानांच्या मनांत 'खेळ करणारा' म्हणजे 'भास निर्माण करणारा' हें समीकरण दृढ झालें, आणि दोरावर खरोखर चालणारी पोर त्या समीकरणांत कोठें बसते ह्याचा विचार मागें पडला.

(४)

फार्सी साधनांपैकीं दोन येथें घेतों. कारण एक खऱ्या साक्षीचें व दुसरें बनावट साक्षीचें उत्तम उदाहरण आहे.

बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत इ. स. १५२८ च्या डिसेंबरांत आग्र्यास दिलेल्या मेजवानीचें वर्णन केलें आहे. त्या वेळीं हिंदुस्थानी खेळाडूंनीं दाखविलेल्या एका प्रकारांत एकच मनुष्य सात कड्या घेतो. एक कपाळावर, दोन गुडघ्यांवर, दोन हातांच्या बोटांवर, दोन पायांच्या बोटांवर, आणि सातहि एकदम फिरवीत ठेवितो. बाबर चमत्काराची भाषा वापरीत नाहीं. कोणती कडी कोठें होती हें मोजून सांगतो. ज्यानें प्रत्यक्ष पाहिलें त्याचें लिहिणें असें असतें.

दुसरें उदाहरण जहांगिराच्या नांवावर खपणाऱ्या एका ग्रंथाचें. मेजर डेव्हिड प्राइस यानें इ. स. १८२९ त जहांगिराच्या आत्मचरित्राचें म्हणून एक भाषांतर प्रसिद्ध केलें. त्यांत बंगाल्यांतून आलेल्या सात खेळाडूंचे अद्भुत प्रकार विस्तारानें आले आहेत : बीं पेरतांच झाड उगवतें, आकाशांत फेंकलेली सांखळी तशीच उभी राहते, तिजवरून जनावरें एकामागून एक वर चढून नाहींशीं होतात. हा उतारा पुढें शंभर ठिकाणीं उद्धृत झाला. परंतु प्राइसला मिळालेली पोथी अस्सल नव्हे असा विद्वानांचा निर्णय झाला आहे, व रॉजर्स आणि बेव्हरिज यांनीं १९०९ ते १९१४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अस्सल तुजुकाच्या भाषांतरांत ही बंगाली मंडळी आढळत नाहीं. पोथ्या जमविणाऱ्यांस हा धडा नवा नाहीं. अस्सल प्रतींत बेरजा असतात, बनावट प्रतींत चमत्कार भरलेले असतात.

आकाशांत उभ्या राहणाऱ्या दोराची आधुनिक ख्याति तर याहून विचित्र रीतीनें वाढली. इ. स. १८९० त शिकागोच्या एका वृत्तपत्रानें हिंदी फकिराच्या दोराची गोष्ट छापली, कांहीं महिन्यांनीं ती कल्पित असल्याची कबुलीहि दिली. पण कबुली कोणीं वाचली नाहीं व गोष्ट जगभर गेली. पीटर लॅमंट यांनीं २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत हा सर्व प्रवास उलगडून दाखविला आहे. हिंदुस्थानच्या खेळाडूविषयीं परदेशांत जें मत बनलें त्याचा मोठा भाग अशा कागदांवर उभा आहे.

निवळ कौशल्याची कदर करणारा एक परदेशी लेखक मात्र येथें सांगितला पाहिजे. मद्रासेकडील खेळाडू इ. स. १८१३ च्या सुमारास लंडन शहरीं खेळ करूं लागले. त्यांच्यापैकीं रामो सामी ह्या नांवानें ख्याति पावलेला गृहस्थ १८५० त तेथेंच वारला. विल्यम हॅझलिट यानें १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहांत अशा एका हिंदी खेळाडूवर लिहिलें आहे. तो चार पितळी गोळे एकाच वेळीं हवेंत ठेवी. हॅझलिटचा मुद्दा असा कीं, ह्या मनुष्याच्या कामांत चूक झांकतां येत नाहीं. गोळा पडला कीं पडला. लेखकाच्या वाक्यांत मात्र असंख्य चुका दडून राहतात. प्लवक व सौभिक ह्यांतील भेद ह्याहून स्पष्ट सांगतां येणार नाहीं.

(५)

मराठी साधनांत ह्या लोकांचा आवाज प्रथम ठळकपणें ऐकूं येतो तो एकनाथांच्या भारुडांत. सोळाव्या शतकांत नाथांनीं गारुडी, कोल्हाटीण इत्यादि सोंगें घेऊन परमार्थ सांगितला. सोंग घ्यावयाचें तर श्रोत्यांस तें मूळ माहीत असावें लागतें. यावरून पैठणच्या परिसरांतील बाजारांत हे खेळ नित्याचे होते असें खुशाल मानावें.

एका विरोधाकडे येथें लक्ष वेधणें जरूर वाटतें. उभ्या लांकडावर अंग तोलण्याची विद्या आपल्याकडे दोन घरीं नांदली. एक घर कोल्हाट्याचें, दुसरें तालमीचें. मल्लस्तंभाचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, म्हणजे बाराव्या शतकांत, येतो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाचा जीर्णोद्धार केला असें परंपरा सांगते. विदर्भांत ही विद्या वाढविणारें अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झालें, व त्याच्या पथकानें १९३६ त बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं देशी व्यायामाचे प्रयोग करून दाखविले. ह्याचा आम्हां वैदर्भीयांस सार्थ अभिमान आहे. परंतु तोच तोल, तेंच लांकूड, तोच अभ्यास असतां, तालमींत केला म्हणजे व्यायाम आणि चव्हाट्यावर केला म्हणजे पोट जाळणें, असा निवाडा समाजानें दिला. त्यांत लांकडाचा दोष कांहींच नाहीं.

तिसरें घर सर्कशीचें. कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरीं असलेल्या विष्णुपंत छत्रे यांनीं मुंबईस कियारिनी नामक इटालियन मालकाची सर्कस पाहून १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. त्यानंतर देवल, कार्लेकर इत्यादिकांनीं तो धंदा सांगली-म्हैसाळच्या परिसरांतून देशभर नेला. तंबू आला, तिकीट आलें, आणि गोळे झेलणाऱ्यास पगार मिळूं लागला. कौटिल्याचें प्रेक्षावेतन एका अर्थानें परत आलें. मात्र तंबूबाहेरील डोंबाऱ्यास त्याचा लाभ झाला नाहीं.

(६)

नागपूर प्रांतीं करमणुकीच्या कलांस भोसल्यांच्या दरबाराचा आश्रय होता. महालांतील वाड्यांत पितृपक्षांत बसणारा मस्कऱ्या गणपति, व त्यापुढें होणाऱ्या नकला, लावण्या, खडी गंमत, यांची परंपरा खंडोजी उर्फ चिमणाबापू भोसले यांच्यापासून सांगतात. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघुजी निवर्तले व पुढील वर्षीं राज्य खालसा झालें. तेव्हां आश्रयदाते गेले, पण फिरस्ते राहिले. मध्यप्रांताच्या जातींविषयीं रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं १९१६ साली चार भागांत जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत नट व कोल्हाटी यांवर स्वतंत्र प्रकरणें आहेत. नटाच्या प्रकरणांत एक मार्मिक विचार आला आहे. गढवालाकडे बादी जातीचा मनुष्य डोंगरकड्यावरून बांधलेल्या दोरावरून घसरत खालीं येई, व त्यायोगें शेतें पिकतात अशी लोकांची समजूत असे. त्यावरून दोराचा खेळ मूळचा करमणुकीचा नसून पिकासाठीं करावयाचा विधि असावा, असें ग्रंथकारांनीं सुचविलें आहे. अंतरिक्षास नेमलेला वंशनर्ती येथें पुन्हां आठवतो. हिरालालांसारख्या शिलालेख वाचणाऱ्या विद्वानास हा विषय क्षुद्र वाटला नाहीं, हें आजच्या संशोधकांनीं ध्यानीं घ्यावें.

सरकारी कायद्यांची वाट मात्र उलट दिशेनें गेली. १८७१ चा गुन्हेगार जातींचा कायदा प्रथम उत्तरेंतील प्रांतांस लागू झाला व १९११ मध्यें त्याची व्याप्ति देशभर वाढविण्यांत आली. ज्या जमाती त्यांत नमूद झाल्या त्यांस हजेरी आली. ज्या झाल्या नाहींत त्यांसहि, पाल घेऊन फिरणारा म्हणजे संशयित, ह्या नजरेखालीं राहावें लागलें. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पुढें मुंबई राज्याच्या १९५९ सालच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यानें भीक मागण्याच्या व्याख्येंत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें व खेळ करणें हीं निमित्तेंहि घातलीं. प्रेक्षावेतन देणारा प्लवक दोन हजार वर्षांनंतर कायद्याच्या पुस्तकांत भिकारी झाला तो असा. महाराष्ट्र राज्यानें कोल्हाटी-डोंबारी, गोपाळ, गारुडी यांस भटक्या जमातींच्या यादींत घेऊन सवलती दिल्या हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. आणि त्या समाजांतूनच १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचें 'कोल्हाट्याचं पोर' हें आत्मकथन आलें, हें त्याहून महत्त्वाचें.

(७)

आतां शाळांकडे येतों. १९८० नंतरच्या दशकांत आम्ही नागपुरांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असतां, दिवाळीची सुटी संपल्यावरच्या एका शनिवारीं एक डोंबारी मंडळी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन पटांगणांत उतरली. कुटुंबप्रमुख, त्याची बायको, एक तरुण मुलगा व आठ-नऊ वर्षांची मुलगी अशीं चौघें होतीं. बांबूंच्या दोन कैच्या रोवून मध्यें दोर ताणला. बायकोनें ढोलकी धरली. मुलगी तोलाची काठी घेऊन दोरावरून प्रथम अनवाणी, मग पायाखालीं थाळी सरकवीत, मग डोक्यावर तीन गडवे घेऊन गेली. खालीं कुटुंबप्रमुखानें लांकडी गोळे झेलण्यास आरंभ केला. तीन, चार, आणि शेवटीं पांच. तीन गोळे असतां ते त्याच्या कपाळापर्यंत जात. पांच झाले तेव्हां पहिल्या मजल्याच्या कठड्यास भिडूं लागले, आणि हात मात्र जवळजवळ पूर्वीच्याच गतीनें चालत होते. आमचे एक गणितशिक्षक मित्र शेजारीं उभे होते. गोळ्यास हवेंत दुप्पट वेळ ठेवावयाचें तर त्यास चौपट उंच फेंकावें लागतें, म्हणून प्रत्येक वाढत्या गोळ्याबरोबर काम बेरजेनें वाढत नसून त्याहून पुष्कळ वेगानें वाढतें, असें त्यांनीं मुलांस तेथल्या तेथें समजाविलें. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यानेंहि गोळ्यांची संख्या, हातांची संख्या आणि हवेंत व हातांत जाणारा काळ यांचें प्रमाण सूत्रांत मांडलें आहे. डोंबाऱ्यास सूत्र ठाऊक नव्हतें. उत्तर मात्र हातांत होतें.

खेळ संपल्यावर मुलांनीं चार-चार आणे परातींत टाकले. कुटुंबप्रमुख कार्यालयांत आला व त्यानें एक दाखला मागितला. नमुन्यासाठीं म्हणून त्यानें कमरेच्या कापडांतून एक बासन सोडलें. त्यांत चाळीसएक कागद होते. सर्व निरनिराळ्या शाळांच्या मुख्याध्यापकांनीं दिलेले. सर्वांत जुना त्याच्या आजाच्या नांवाचा, इंग्रजींत, मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या जुन्या प्रांतनामाचा शिक्का असलेला. पुढचे हिंदींत व मराठींत. बहुतेकांचा मजकूर एकाच घाटाचा : अमुक तारखेस खेळ झाला, तो सभ्य होता, मुलांस आवडला, मंडळी सद्वर्तनी आहे, इतके रुपये जमले, खालीं सही व शिक्का. घड्यांवर कागद फाटले होते व त्यांस मागून पिठाच्या खळीनें पट्ट्या लावल्या होत्या.

आम्हीं त्याच दिवशीं त्या कागदांवरील तारखा व गांवें उतरून घेतलीं. तीं महिन्यांच्या क्रमानें लावली असतां एक वाट स्पष्ट दिसली : नागपूर, वर्धा, हिंगणघाट, वरोडा, चांदा, तेथून वळून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड, आणि परत नागपूर. दाखले दिवाळीपासून होळीपर्यंतचेच होते. उन्हाळ्यांत शाळा बंद म्हणून जत्रा, व पावसाळ्यांत कोठें तरी मुक्काम, असें त्यानें सांगितलें. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा प्रवास, त्यांची मिळकत, खेळणाऱ्यांची संख्या, इतकें सर्व त्या एका बासनांत होतें. कोणत्याहि राजदप्तरांत हें मिळणार नाहीं.

शाळाच कां, हा प्रश्न येथें उपस्थित होतो. प्रेक्षक एकत्र मिळतात व आवार बंदिस्त असतें, हीं कारणें उघड आहेत. परंतु 'सद्वर्तनी' हा शब्द जवळजवळ प्रत्येक कागदावर यावा ह्याचें कारण निराळें असलें पाहिजे. ज्या मनुष्यास पाटील व पोलीस संशयानें पाहतात, त्यास सही-शिक्क्याचा कागद हेंच संरक्षण. आणि खेड्यांत शिक्का बाळगणारा, तरी दरारा नसलेला, असा एकच मनुष्य असे, तो म्हणजे मास्तर. मुख्याध्यापकाचा दाखला हें ह्या लोकांचें अभयपत्र होतें असें आमचें मत आहे. ज्यास सनद कोणीं दिली नाहीं त्यानें ती चार-चार आण्यांच्या खेळांतून, एकेक सही करून, स्वतः जमविली.

कागद उतरून घेत असतां आम्हीं त्यास विचारलें, "मुलगी शाळेंत जाते कां?" तो म्हणाला, "जाते ना जी, गुरुजी. रोज नव्या शाळेत जाते." हें तो हंसून बोलला, आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. त्या शाळेच्या पटावर त्या मुलीचें नांव नव्हतें, तशी त्या काळीं कोणाची अपेक्षाहि नव्हती. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. दोरावरची मुलगी व बाकावरचीं मुलें ह्यांच्यामधील अंतर किती जुनें आहे हें वर दिलेल्या साधनांवरून कळून येईल. तें मनुस्मृतीच्या काळापासून चालत आलेलें असेल. पण तें तोडण्याचें काम शाळेकडेच होतें, हेंहि तितकेंच खरें.

(८)

ह्या विवेचनाचें व्यावहारिक तात्पर्य आतां सांगतों. दोराचा खेळ शाळांतून जवळजवळ नाहींसा झाला आहे. लहान मुलांकडून असे धोक्याचे खेळ करवूं नयेत हें मत रास्त आहे, व २०११ साली सर्वोच्च न्यायालयानें सर्कशींत मुलांस कामास ठेवण्यास केलेली मनाई योग्यच आहे. तो खेळ पूर्ववत् चालावा अशी आमची मागणी नाहीं. मागणी आहे ती कागदांची. नव्या पिढीनें धंदा सोडला म्हणजे बासन निरुपयोगी होतें, आणि निरुपयोगी झालेला कागद पावसाळ्यांत चुलीस लागतो. शाळांच्या बाजूसहि तेंच : जुन्या शाळांच्या शेरेबुकांत, किरकोळ खर्चाच्या वह्यांत, मुख्याध्यापकांच्या नोंदवह्यांत 'डोंबाऱ्याचा खेळ' अशी एखादी ओळ असते, इमारत पाडतांना ह्या वह्या रद्दींत जातात.

म्हणून आमची संग्राहक मित्रांस विनंति आहे कीं, आपल्या गांवच्या शंभर वर्षांवरच्या शाळांचीं दप्तरें एकदां चाळून पाहावींत. जत्रांचे व बाजारांचे जमाखर्च पाहतांना गारुडी, डोंबारी, कोल्हाटी, गोपाळ ह्या नांवांपुढील रकमा टिपून घ्याव्यात, व कोणत्या वर्गास काय मिळालें हें वेगळें लिहावें. आणि कोल्हाटी-डोंबारी कुटुंबांत असे दाखले असल्यास ते विकत न मागतां त्यांची नक्कल अथवा छायाचित्र घेऊन मूळ कागद त्या कुटुंबाकडेच ठेवावा. तो त्यांच्या घरचा महजर आहे. नकलेवर गांव, तिथि, शाळेचें नांव व शिक्क्यावरील अक्षरें जशींच्या तशीं उतरावींत, अशुद्ध असल्यास अशुद्धच ठेवावींत. अशा पन्नास बासनांच्या नकला मंडळाच्या संग्रहीं आल्या तर विदर्भाच्या वाटांचा एक नकाशा तयार होईल, जो आजवर कोणीं काढलेला नाहीं. आणि ज्या नकला येतील त्यांची यादी त्रैमासिकाच्या पुढील अंकांतून क्रमशः देण्याचें काम आम्ही आनंदानें पत्करूं.